अकरा मिनिटांनी थोरली

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, वय वर्षे अठ्ठावन्न (जन्मदाखल्याप्रमाणे, रक्ताचं म्हणणं वेगळं आहे, त्याचा खुलासा कलम तीनमध्ये), कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. मनाबद्दल तसा दावा मी गेली बारा वर्षं केलेला नाही, पण वकीलबाई म्हणाल्या, कायद्याला डोकं पुरतं.

१. दुकान, दोन्ही मशिनी, इस्त्री आणि कापायचं टेबल काज-बटणवालीला द्यावं. एकोणीस वर्षं ती माझ्याकडे काजं करते आहे आणि एकोणीस वर्षं तिच्या तोंडाचा पट्टा चालू आहे. मी तिच्यावर किती वेळा खेकसले, त्याला सुमार नाही. खरं सांगायचं तर सुट्टीच्या दिवशी तिची बडबड नसली की कानाला दुसरा आवाजच नसायचा. टेबलाचा डावा पाय आखूड आहे, त्याखालची चिंध्यांची घडी काढू नये.

२. दुकानावरची राहती खोली भाचीला. तिने ती विकली तरी माझी हरकत नाही. खिडकीजवळची खुर्ची मात्र टाकून द्यावी. संध्याकाळी मी वर यायची, त्या खुर्चीत बसायची, आणि दिवा लावायला उठणंही व्हायचं नाही. बारा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर हे सुरू झालं, पण त्यांच्यामुळे झालं असंही म्हणवत नाही. तसं काही घडलंच नव्हतं. घडलं असतं तर कोणाला तरी सांगता आलं असतं.

३. खुलासा. मी आणि माझी बहीण जुळ्या. मी अकरा मिनिटांनी थोरली. तरुणपणापासून तिचे कपडे मी तिचं माप न घेता शिवले. स्वतःच्या अंगावर बेतायचे, तिला पाठवायचे, आणि तिला ते चपखल बसायचे. मधली सात-आठ वर्षं कामाचं निमित्त सांगून मी काही पाठवलं नाही, भेटही टाळली. गेल्या वर्षी लाज वाटून एक कोट शिवला. तो तिला खांद्यात आवळला, बाह्या तोकड्या, उंची दीड इंच कमी. मी फोनवर म्हणाले, तू सुटली असशील.

ती तोच कोट पिशवीत घालून आठ तासांचा प्रवास करून आली. दारातच माझ्या गळ्यातला टेप काढला आणि माझं माप घेतलं. उंची, खांदा, बाही. मापांच्या वहीतल्या माझ्या जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहिले आणि म्हणाली, "ताई, एवढी कुठे गेलीस गं?"

बारा वर्षांत मी पहिल्यांदा कोणासमोर रडले.

तिनेच मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या जुळ्यांवर अभ्यास करत होत्या, त्यांनी दोघींचं रक्त घेतलं. शरीर किती झिजलंय याचा अंदाज त्यातून काढतात म्हणे. बहीण निघाली छप्पन्न, मी सदुसष्ट. अकरा मिनिटांची अकरा वर्षं झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा अंदाज आहे, कपाळावर लिहिलेलं नाही. मन फार काळ खचलेलं असलं की शरीरही लवकर जुनं होताना दिसतं. मात्र कोण कोणाला ओढतं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. मनाच्या दुखण्यावर उपचार आहेत, ते घ्या. पाच महिने घेते आहे. आता दिवा लावायला उठते.

४. शेजारच्या औषधवाल्याला माझा रेडिओ. तो माझ्या गोळ्या कोणाला दिसू नयेत म्हणून कागदात गुंडाळून देतो. भला माणूस आहे. पण गुंडाळू नकोस, हे त्याला तोंडावर सांगायचं मला जमलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

(वकीलबाईंची सूचना: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, औषधवाल्याला रेडिओ द्यायचा तर साक्षीदार दुसरा शोधा. शोधला.)

५. बहिणीच्या नवऱ्याला काही नाही. "खाऊन-पिऊन सुखी आहे, हिला कसलं आलंय दुःख?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. साक्षीदाराच्या नवऱ्यालाही काही देता येत नाही हे कळलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

६. बहिणीलाही काही नाही. आधी खोली, आईच्या बांगड्या, सगळं तिच्याच नावाने लिहिलं होतं. ते खोडलं, कारण साक्षीदाराला काही मिळता कामा नये आणि मला साक्षीला तीच हवी. मी कमी होत गेले ते एवढ्या माणसांत तिलाच दिसलं. मग मी आहे, हेही तिनेच लिहून द्यावं. बांगड्या भाचीला.

टेप या मृत्युपत्रात नाही. तो आज, हयातीतच, तिच्या हाती दिला आहे. दर सहा महिन्यांनी तिने येऊन माझं माप घ्यायचं, असं आमचं ठरलं. दीड इंच काही परत येणार नाही, तेवढं मला कळतं. पण ती येईल.

स्थळ: माझं दुकान, कापायच्या टेबलाशी.
तारीख: आमच्या वाढदिवसानंतरचा पहिला सोमवार.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार १: समोरच्या शाळेतले शिपाईकाका. बाईंनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार २: धाकटी बहीण. ताईने माझ्यादेखत सही केली. मी खुर्ची दिली होती, तिने घेतली नाही. उभी राहून केली.