गाडी भरायला रात्र लागते

मी, भिमाजी कोंडाजी दाते, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी जीप चालवण्याचा व आता काहीच नाही, राहणार आणे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजारी राहणारे माझे चुलतभाऊ धर्माजी दाते यांचे मत वेगळे असू शकते, पण ते विचारात घेऊ नये. मजकूर माझा आहे. जुन्नरच्या वकील साधनाताई यांनी तो कायद्यात बसवला, आणि जिथे बसला नाही तिथे मी ऐकले नाही.

माझी पत्नी द्रौपदा दोन वर्षांपूर्वी वारली. मला एकच मुलगा, आदेश. तो मोशीला राहतो, कंपनीत नोकरीला आहे. सून हर्षाली, नात समृद्धी. माझ्या पश्चात दुसरा कोणी वारस नाही. हयातीतही या घरात मी सोडून कोणी नाही.

कलम एक. राहते घर, पुढचे अंगण आणि मागची चिंच आदेशला द्यावी. घर स्वकष्टार्जित आहे. आळेफाट्यावरून भीमाशंकरला भाविक नेऊन-आणून मी ते बांधले, द्रौपदाने सारवले, आणि पुढे फरशी बसवली तेव्हा तीच जास्त रुसली. आणे घाट चढून जीप पठारावर आली की तिचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा आणि द्रौपदा चहाचे आधण ठेवायची. मी दारात उतरेपर्यंत चहा झालेला असे. आवाजावरून मी दमलोय की नाही हेसुद्धा कळते, असे ती म्हणायची. ते मला कधी पटले नाही, पण आता वाद घालायला ती नाही. घर विकायचे झाल्यास आदेशने खुशाल विकावे. फक्त विकण्याआधी एकदा इथे राहून जावे.

कलम दोन. माझी डिझेल जीप धर्माजीला द्यावी. आदेश ती भंगारात द्या म्हणाला होता, म्हणून त्याला देत नाही. धर्माजीशी मी त्याच्या मुलीच्या लग्नापासून बोलत नाही. वऱ्हाडाला जीप नेली आणि डाव्या मडगार्डला पोचा आणून परत केली, वर म्हणतो, ‘आधीपासूनच व्हता.’ आधीपासून नव्हता. जीप त्याला एकाच अटीवर मिळेल: पोचा काढू नये, रंग देऊ नये आणि रोज एकदा त्या बाजूने उतरावे. थंडीत तिला कसे चालू करायचे हे आता त्याच्याशिवाय गावात कोणाला माहीत नाही, हेही खरे आहे.

कलम तीन. पान्यांची पेटी, जॅक आणि चाक खोलायची टॉमी समृद्धीला. ती इंजिनिअरिंगला आहे आणि लहानपणी तिने प्रत्येक पान्याचे नाव विचारून घेतले होते. तिच्या वडिलांच्या नव्या गाडीला यातला एकही पाना लागणार नाही असे आदेश म्हणतो. मी त्या गाडीचे बॉनेट उघडून बघितले. आत नुसते झाकण होते. मी परत बंद केले.

कलम चार. बँकेतली ठेव हर्षालीला द्यावी, कारण फोन तीच करते.

कलम पाच. आता त्या गाडीबद्दल. हे कलम कशाची वाटणी करत नाही, पण साधनाताई म्हणाल्या की वादाचा मुद्दा असेल तर लिहून ठेवलेला बरा.

आदेशने विजेची गाडी घेतली तेव्हा मी शंका काढल्या. बॅटरी गेली तर काय, रस्त्यात बंद पडली तर उघडणार कोण, आणि आमच्या पठारावर घरात दिवा राहत नाही तिथे गाडी कशावर चालणार. आदेश म्हणाला, ‘अण्णा, सगळं बदलतंय, तुमीच अडून बसलाय.’ मी अडून बसलो नव्हतो. मी विचारत होतो. आयुष्यभर दुसऱ्याची माणसे घाटातून नेली, तेव्हा निघण्याआधी विचारायची सवय लागली आहे.

द्रौपदाच्या वर्षश्राद्धानंतर भीमाशंकरला जायचे ठरले. तिची तशी इच्छा होती. आदेश एकटाच आदल्या संध्याकाळी आला. मी ओट्यावर बसून होतो, तरी गाडी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हाच मला कळले. पूर्वी मी कोणाचीही वाट कानाने बघायचो. ती सोय या गाडीने घालवली. रात्री त्याने पंपाच्या सॉकेटला वायर लावली आणि थोड्या वेळाने वीज गेली. सकाळी गाडी अर्धीच भरली होती. आदेश म्हणाला, पुरेल.

घोडेगावपर्यंत पुरली. डिंभ्याच्या पुढे चढ लागला तसा काचेवरचा बॅटरीचा आकडा उतरू लागला. आदेशने एसी बंद केला. मी विचारले, किती उरले. थोड्या वेळाने परत विचारले. तळेघरच्या अलीकडे त्याने गाडी मागे फिरवली. मी म्हटले, जीप असती तर एव्हाना दर्शन झाले असते. तो म्हणाला, ‘मग जीपच आणायची व्हती की अण्णा. मला कशाला बोलावलं?’ मी म्हटले ते खरे होते आणि आजही खरे आहे.

उतारावर मात्र आकडा वाढला. पुन्हा पुन्हा बघितले, वाढतच होता. एवढ्या वर्षांत कोणत्याच उताराने माझ्या टाकीत डिझेल परत घातले नाही. हे मला आदेशला सांगायचे होते, पण तेव्हा आम्ही बोलत नव्हतो.

मंचरला हायवेवर चार्जिंगला थांबलो. तिथल्या हॉटेलात तो माझ्यासमोर बसला. जायला कुठे नव्हते, गाडी भरत होती. पहिल्या चहाला तो फोनमध्ये बघत बसला. दुसऱ्याला त्याने विचारले, ‘गुडघा कसाय?’ मग त्याने आईच्या आमटीचा विषय काढला आणि आमच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीचाही. इतका वेळ तो माझ्यापुढे बसल्याचे मला त्याच्या शाळेपासून आठवत नाही. गाडी भरल्याचा मेसेज आला तसा तो उठला. मला ती इतक्यात भरायला नको होती.

त्यानंतर आदेश आण्याला आलेला नाही. मी फोन केला की म्हणतो, ‘तिकडं चार्जिंगचं काय खरं न्हाई, बघतो पुढच्या रविवारी.’ हे कारण खरे आहे की मला टाळायची सबब, याचा उलगडा मला झालेला नाही. विजेच्या गाडीबद्दल माझी खरी शंका एवढीच उरली आहे.

कलम सहा. बेल्ह्याचा वायरमन कपिल रोकडे याच्याकडून मी अंगणात चार्जिंग पॉइंट बसवून घेतला आहे. वेगळी वायर, वेगळे अर्थिंग. हे काम मी बरेच दिवस लांबवले होते. पॉइंट बसला की आदेशला सबब उरणार नाही, आणि तरीही तो आला नाही तर मला उत्तर मिळेल, याची भीती वाटत होती. अजूनही वाटते.

कपिलने विचारले, ‘अण्णा, तुमच्याकडं विजेची गाडी कुठंय?’ मी म्हटले, येईल. तो म्हणाला, ‘हितं फास्टवाला बसत न्हाई, लई लोड लागतो. ह्याच्यावर गाडी भरायला आख्खी रात जाईल.’ मी म्हटले, हाच बसव. रात्र गेली तर माझी काही हरकत नाही. अंथरुणे धुऊन ठेवली आहेत.

सबब, या पॉइंटवर आदेशचा पूर्ण हक्क राहील. बिल मी भरीन. गाडी लागलेली असताना किती उरले, किती भरले, हे मी विचारणार नाही.

साधनाताईंनी या कलमाला हरकत घेतली. ‘काका, मृत्युपत्राचा अंमल तुमच्यानंतर सुरू होतो. हे तुम्ही असतानाचं आहे, इथे चालणार नाही. काढून टाका.’ मी म्हटले, ताई, मी मेल्यावर आदेश येणारच आहे. त्या दिवशी तो बॅटरी बघत बसायचा नाही, निघेल तसा येईल. त्याच्यासाठी पॉइंट कशाला लागतो?

ताईंनी कलम ठेवले. वरची पाच कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. सहावे आजपासून लागू आहे, आणि त्या पानाचा फोटो आज आदेशला पाठवला आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करतो.

भिमाजी कोंडाजी दाते (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. कपिल भागुजी रोकडे, वायरमन, बेल्हे (सही)
२. इंद्रायणी भिका आहेर, अंगणवाडी सेविका, आणे (सही)

ठिकाण: आणे
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५