ज्योत्स्नाच्या मागून म्हणणारा

२ डिसेंबर, अकोला
तिवशाच्या शाळेत ज्योत्स्ना कवितेची ओळ चालीवर म्हणायची आणि सगळा वर्ग तिच्या मागून म्हणायचा. शेजारच्या वर्गात गणित शिकवताना माझा खडू थांबायचा. तो आवाज अजून कानात आहे. आज अमरावती सोडून लेकीकडे, आकांक्षाकडे, कायमचा राहायला आलो. खोली हवेशीर, खिडकीत चिंचेची फांदी. तिनं जुना कॉम्प्युटर माझ्या हवाली केला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे. शाळेच्या लॅबमुळे ओळखीचं. माझी बायको ज्योत्स्ना गेली, तिच्या कवितांच्या कॅसेटी रेकॉर्ड करून त्यातच भरून ठेवल्यात, दुसरीकडे कुठेच नाहीत. मन कसं भरून आलं.

४ डिसेंबर
कविता मधेच अडकतात. सिस्टीमच्या नोंदी उघडल्या, तर डिस्क वाचता येत नसल्याच्या तक्रारींची रांग. सिस्टीमने डिस्क रीड-ओनली केली आहे: ऐका, पण पुसू नका. आकांक्षानं बजावलं, बाबा, आदी नव्या डिस्कवर कॉपी घ्या, मंगच दुरुस्तीले हात लावजा. घाई केली तं आईचा आवाज जाईन.

५ डिसेंबर
ज्योत्स्ना ओळ म्हणते. या रेकॉर्डिंगमध्ये वर्ग गप्प. मागून एकच पुरुष म्हणतो, तरुण, तिच्या सुरात सूर मिसळून. आणि ती हसते! माझ्यासमोर अशी कधी हसली नाही. मी तर लाजून तिच्या मागं एक ओळही म्हटली नाही. मग हा कोण? लेकीला ऐकवलं. वा बाबा, म्हणाली, सोताचाच आवाज वळखू येत नाही? म्हातारपणी सोतावरच जळून राह्यले!
खोटं. आईची बाजू घेते.

६ डिसेंबर
नवी डिस्क आली. कॉपी घेतली नाही. तिच्यासोबत तोही आला असता. सरळ दुरुस्ती चालवली. तुटक्या फायलींचे तुकडे लॉस्ट अँड फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये येऊन पडले, नावं नाहीत, नुसते आकडे. एकेक फाईल ऐकली. तिच्या ठेवल्या. त्याच्या पुसल्या— सगळ्या.

७ डिसेंबर
घसा बसलाय. आकांक्षाला हाका मारल्या— वळून पाहत नाही. माझं ताटच वाढलं नाही—

संध्याकाळ
ज्योत्स्ना ओळ म्हणते. मागून शांतता. मी म्हणायला तोंड उघडलं— आवाजच—
जिन्यातून कोणीतरी म्हटलं. तीच ओळ. मी पुसलेला तोच गळा—
बेल. आकांक्षा धावली. दारात एक म्हातारा. या ना बाबा, म्हणते त्याला, कवाची वाट पाहून राह्यली—
ज्योत्स्ना हसते आहे—
लेक त्याला हाताला धरून माझ्या खुर्चीत बसवायला आणते आहे. मी अजून तिच्यात बस—