मागची फळी

रविवार, ११ फेब्रुवारी
दुपारचे तीन

प्रिय बारक्या,

तू बरा असशील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे थंडीत धरतात, पण जिना ती अजून कुणाचा हात न धरता चढते. तुझी वहिनी शाळेच्या परीक्षांत गुंतली आहे. मी आहे तसाच, फक्त पोट माझ्या पुढे चालतंय. सहा वर्षांत तुला हे माझं तिसरं पत्र, आणि आधीच्या दोन्हींत हवापाण्यापलीकडे काही नव्हतं, हे मला माहीत आहे.

बातमी अशी की मी बोट दुरुस्त करायला काढली आहे. हो, बाबांचीच. इथवर वाचून पत्र फाडू नकोस.

आईला मागचं अंगण मोकळं हवं होतं. भंगारवाल्याला बोलावलं तर त्यानं ताडपत्रीचं टोक उचललं, आत डोकावला आणि म्हणाला, लोखंड असतं तर नेलं असतं, हे फायबरचं धूड फुकट दिलंत तरी नको. तेव्हा ठरवलं की आपणच ठाकठीक करावी आणि कुणाला तरी देऊन टाकावी. हाताशी पैसे बेताचे, म्हणून सगळं स्वतः करायचं. तुझी वहिनी म्हणाली, भिंतीला खिळा ठोकायचा तर शेजाऱ्यांना बोलावता, आणि निघालात बोट बांधायला.

तिचं खोटं ठरलं नाही. पहिल्याच दिवशी फायबर जोडायच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर जास्त ओतला. डबा हातात तापला, धूर निघाला आणि दगडासारखा घट्ट झाला. ब्रशही आतच राहिला. मग पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे एक काका सापडले. त्यांच्याकडे उरलेलं रेझिन आणि काचेच्या धाग्यांचे तुकडे स्वस्तात मिळाले, वर शिकवणीही. घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, म्हणाले. मी ऐकलं नाही. तीन दिवस अंग नुसतं खाजत होतं, आणि आईनं खोबरेल तेलाची बाटली बाहेर आणून ठेवली.

खालचा भाग चांगला निघाला. काका हातोडीच्या दांड्यानं सगळीकडे ठोकत गेले. चांगली जागा टणटण वाजते, खराब जागा बदबद. पुढून मागे येत येत ते इंजिन अडकवायच्या फळीपाशी आले आणि तिथे बदबदच वाजत राहिलं. वरचं फायबर कापलं, तर आतलं लाकूड काळं पडलेलं. मुठीत धरलं तर भिजलेल्या चहापत्तीसारखं चुरलं गेलं.

काकांना आपल्या घरचं काही माहीत नाही. ते सहज बोलून गेले, "ही काय एका दिवसाची कूज नाही. बंद ताडपत्रीखालचीही नाही. बोट पाण्यात असताना चार-पाच वर्षं हिच्यात पाणी मुरत होतं. इंजिन आज ना उद्या उपटून येणारच होतं, चालवणारा कुणीही असू दे."

बारक्या, हे वाक्य पुन्हा वाच. चालवणारा कुणीही असू दे.

त्या दिवशी तू बोट जोरात वळवलीस, म्हणून इंजिन निघालं, मागून पाणी आत आलं आणि बाबा बुडाले, असंच सगळे म्हणाले. तूही तेच सांगत सुटलास. बाबा लाइफ जॅकेट नेहमीप्रमाणे बुडाखाली घेऊन बसले होते, हे कुणी लक्षात घेतलं नाही. सगळं खापर तुझ्या माथी फुटलं आणि तू मान खाली घालून ते फोडून घेतलंस.

आता पाणी कुठून मुरलं ते सांगतो. बाबांचा गुडघा गेल्यावर त्यांना पाण्यातून वर चढता यावं म्हणून मागे शिडी बसवली होती, आठवते ना? ती मी बसवली. आठ भोकं पाडली. भोकांत पाणी अडवणारं सीलंट भरायचं असतं, पण नळी उघडली तर आतलं वाळून गेलेलं, आणि दुकान त्या दिवशी बंद. म्हटलं, पुढच्या रविवारी स्क्रू काढून भरू. बाबांनी विचारलं, भोकं भरलीस ना? मी म्हणालो, भरली. पुढचा रविवार आलाच नाही. आळस, दुसरं काही नाही. कुजलेलं लाकूड त्या आठ भोकांभोवतीच सर्वांत जास्त काळं आहे.

काकांनी कापलं तेव्हा मला कळलं, असं लिहून पत्र इथेच संपवणार होतो. तेवढंही तुला पुरलं असतं.

पण ते खरं नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी बोट ओढून अंगणात आणली, तेव्हा मी एकटाच तिच्यामागे उभा होतो. उपटलेल्या फळीतून आणि माझ्या त्या भोकांतून तपकिरी पाणी ठिबकत होतं. मला तेव्हाच कळलं. मी ताडपत्री आणली, चारी बाजूंनी दोरीनं आवळली आणि आत जाऊन हात धुतले.

त्याच संध्याकाळी तू दारात आलास. आई म्हणाली, "मला तुझं तोंड दाखवू नकोस." तू माझ्याकडे बघितलंस. मी मूग गिळून गप्प बसलो. आधी वाटलं, आईचा राग ओसरू दे, मग सांगू. मग तू गाव सोडलंस. मग वर्षं झाली, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. मी भित्रा आहे रे. आईच्या हातचा पहिला घास मला मिळावा म्हणून मी तुला उपाशी ठेवलं.

सोमवार, सकाळ

काल पत्र इथेच थांबवलं. तुझ्याआधी आईला सांगायला हवं होतं. आज सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिनं घड्या थांबवल्या नाहीत. मग तिनं एकच विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी दिवस सांगितला.

तिनं हातातला टॉवेल घडी न घालताच खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी त्याला घालवला, तेव्हा तू इथेच उभा होतास."

मी हो म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तुझ्या वहिनीमार्फत तुझा पत्ता मागून घेतला आणि पाकिटावर तिनंच लिहिलाय. अक्षर ओळखशील. तू ये असं मी म्हणत नाही, तो हक्क मला उरला नाही. ती म्हणेल तेव्हा बघ.

पत्र पेटीत टाकायला ती स्वतः जाणार आहे. चपला घालून दारात उभी आहे. मी टाकीन यावर तिचा विश्वास नाही.

तुझा गुन्हेगार,
दादा