चाळीस हजार किलोंच्या यंत्राबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
मध्यवर्ती रुग्णवाहिका सेवा,
पहिला मजला.

विषय : तिसऱ्या मजल्यावरील जुना लोड बॅलन्सर बदलून नवा बसवण्यासाठी येत्या रविवारी दुपारी दोन ते चार काम करण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरील आधीचे पाच अर्ज. २) लिफ्ट विभागाचा भारचाचणी अहवाल.

महोदय,

१. अर्जदार ही संगणक कक्षात कनिष्ठ अभियंता असून तिला दोन वर्षांची मुलगी आहे. दुसरी बाब या अर्जात का आली, ते पुढे कळेल.

२. लोड बॅलन्सर म्हणजे काय, हे अर्जदाराने पाचही अर्जांत सांगितले आहे, सहाव्यांदा सांगते. रुग्णवाहिकेसाठी आलेला प्रत्येक फोन, प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा आणि रुग्णालयांचे निरोप आधी या यंत्राकडे येतात. आपल्या सहा सर्व्हरपैकी कोण मोकळा आहे ते पाहून हे यंत्र काम त्याच्याकडे धाडते. रांगेतल्या माणसाला "तुम्ही तिसऱ्या खिडकीवर जा" असे सांगणाऱ्या शहाण्या माणसासारखे ते आहे. अशी दोन यंत्रे होती. एक मागच्या वर्षी मेले. दुसरे एकटे ओढते आहे, त्याचा पंखा खरखरतो आणि कंपनीने त्याचे सुटे भाग देणे बंद केले आहे. अर्जदार रोज सकाळी त्याच्या पाठीवर तळहात ठेवून पाहते, घरी मुलीच्या कपाळावर ठेवते तसा. सासूबाई म्हणतात, "तुझं खरं बाळ कुठलं, ते एकदा सांगून टाक म्हणजे मी त्याप्रमाणे दूध तापवीन."

३. नवी दोन यंत्रे अकरा महिन्यांपूर्वीच आली. स्थलांतराचा आराखडाही तेव्हाच सादर केला होता : नवी यंत्रे जुन्याशेजारी लावायची, कोणते काम कुठे धाडायचे याचे जुन्यातले दोनशे बारा नियम तपासून नव्यात उतरवायचे, एकेक सेवा हलवायची आणि जुने पंधरा दिवस चालू ठेवायचे, म्हणजे काही बिघडले तर परतीची वाट उरते. फोन बंद राहणार फक्त बारा मिनिटे, आणि तेवढा वेळ ते दुसऱ्या केंद्राकडे वळवून कागदावर उतरवले जातील. तीन महिन्यांच्या नोंदी पाहून सर्वांत कमी फोनांची वेळ, म्हणजे रविवार दुपार, अर्जदाराने स्वतः शोधली आहे.

४. परंतु प्रस्तावात मराठी शब्दच वापरावेत या परिपत्रकानुसार आवक विभागातील लिपिकांनी "लोड बॅलन्सर" खोडून "भार संतुलन यंत्र" असे लिहिले. पुढे "कमाल भार" या रकान्यात अर्जदाराने ४०,००० लिहिले होते, म्हणजे तासाला चाळीस हजार विनंत्या. लिपिकांनी अंगठ्याला थुंकी लावून पान उलटले आणि त्या आकड्यापुढे लाल शाईने "किलो" लिहिले. अर्जदार समोरच उभी होती. तिने हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले, "ताई, भार म्हटला की किलो आलेच. उगाच रकाना अर्धा कशाला ठेवायचा?"

५. त्या एका शब्दामुळे फाईल लिफ्ट विभागाकडे गेली. चाळीस टन वजन तिसरा मजला धरणार नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला आणि यंत्रे तळमजल्यावरच बसवावीत असे ठरले. तळमजल्यावर रिकामी खोली एकच आहे, ती स्वच्छतागृहाला लागून. तिथे मोरीचा पाइप गळतो आणि भिंत बारा महिने ओली असते. अर्जदार नाकाला रुमाल लावून आत गेली तेव्हा एका यंत्राचे खोके कर्मचाऱ्यांचे जेवणाचे टेबल झालेले होते. त्यावर तेलाची वर्तुळे, चघळून टाकलेली हाडे, आणि खोक्याच्या भोकातून आतबाहेर करणारी झुरळे. मुलीची घाण अर्जदार दिवसातून पाच वेळा काढते आणि तिला कधी काही वाटत नाही. त्या खोलीत मात्र तिला किळस आली, कारण ती घाण मोठ्या, पगारी माणसांची होती.

६. दुसऱ्या यंत्राबाबत लिहिताना हात थांबतो. लिफ्ट विभागाचे निरीक्षक ते बाहेर काढून, त्यावर वाळूची सहा पोती रचून बघत होते. यंत्र सुटकेसएवढे, चपटे असते. चौथ्या पोत्याला यंत्र वाकले. संदर्भ क्रमांक दोनच्या अहवालात शेरा आहे : "यंत्र भार पेलण्यास अपात्र." त्याखाली तीन सह्या आहेत. त्या तिघांपैकी एकालाही हे यंत्र कशाचे, असे विचारावेसे वाटले नाही. अर्जदाराला या अहवालाची मोरीपेक्षा जास्त किळस येते.

७. आता मुलीची बाब. गेल्या बुधवारी सकाळी तापात मुलीला झटका आला. डोळे वर गेले, दातखीळ बसली. अर्जदाराने आपल्याच सेवेला फोन लावला. "कृपया प्रतीक्षा करा" हे वाक्य तिने सात वेळा ऐकले. त्या क्षणी तिसऱ्या मजल्यावर काय चालले असेल, हे या शहरात तिच्याइतके नेमके कोणालाही माहीत नव्हते : यंत्र तापले असणार, स्वतःच बंद होऊन पुन्हा उठत असणार, आणि त्याला उठायला चार मिनिटे लागतात. शेजारच्या शिंपीकाकांनी गाडी काढली म्हणून मुलगी वाचली. कार्यालयात येऊन अर्जदाराने नोंद पाहिली. त्या चार मिनिटांत आणखी एकोणीस फोन होते. त्या एकोणीस घरांना गाडीवाले शेजारी होते की नाही, याची नोंद आपल्याकडे नसते.

८. शाबूत राहिलेले यंत्र अर्जदाराने काल दुपारी त्या खोलीतून काढले, पुसले आणि कडेवर घेऊन तीन जिने चढून वर आणले. त्याचे वजन चौदा किलो आहे. मजल्याला तडा गेल्याचे आढळले नाही. विनापरवाना वस्तू हलवल्याबद्दल खुलासा मागायचा असल्यास हाच खुलासा समजावा. दोन नव्यांऐवजी आता एक नवे पुढे आणि जुने त्याच्या मदतीला, असा आराखडा सुधारला आहे.

९. सबब विनंती एवढीच, की रविवारच्या दोन तासांची परवानगी द्यावी. आदेशाचा मसुदा तयार करून जोडला आहे. त्यात किलोचा रकाना नाही, फक्त सहीची जागा आहे. आपली सही झाली नाही तरी जुने यंत्र बंद पडणारच आहे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि ते रविवार दुपारही बघणार नाही.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
(सही)
कनिष्ठ अभियंता, संगणक कक्ष, तिसरा मजला
दिनांक : ११ मार्च

सोबत : १) सुधारित आराखडा. २) आदेशाचा मसुदा. ३) बुधवारच्या एकोणीस फोनांची यादी. विसावा फोन अर्जदाराचा असल्याने यादीत धरलेला नाही.