कप्तानकाकांचे शंभर रोल

तीर्थस्वरूप लॅडी काकांना,
नेब्रास्काहून तुमची पुतणी मार्टा हिचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आजी म्हणते, तिकडच्या समुद्राकाठच्या पावसानं तो एव्हाना गंजला असेल. इकडे पावसाचा पत्ता नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांचे गुडघे ठणठणीत आहेत आणि मकाही गुडघ्याएवढाच आहे. आई-बाबा बरे आहेत. आजी तर इतकी बरी आहे की डॉक्टर तिलाच सल्ला विचारतात. पत्र जरा लांबेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. तुमच्याविषयीच एक गोष्ट विचारायची आहे, पण ती शेवटी विचारेन. सुरुवातीलाच विचारायचा प्रयत्न चार वेळा केला आणि चारही कागद केराच्या टोपलीत गेले. फोनवर तुम्ही हवामान सांगून ठेवून देता (आणि आमच्याकडे दुसऱ्या फोनवर आई ऐकत असते), म्हणून हे पत्र.

मी इंजिनिअर झाले हे तुम्हाला कळलंच आहे. कुबिचेकांच्या घरातली ही पहिली पदवी. आजीनं ती चौकट करून फ्रीजच्या वर टांगली आहे, म्हणजे दूध घ्यायला जाणाऱ्याला ती चुकवता येत नाही. नौदलाच्या अणुभट्ट्या चालवणारे अधिकारी असतात, त्यांत मला जायचं आहे. बाबा शेतांना गोल फिरून पाणी देणारी यंत्रं दुरुस्त करतात. त्यांच्या कामात एक बोल्ट ढिला राहिला तर फार तर एखाद्याचा मका वाळतो, तरी ते प्रत्येक बोल्ट दोनदा बघतात. जिथं असं दोनदा बघणं हाच नियम आहे, तिथं काम करावं असं मला वाटतं. हे मी अर्जासोबतच्या निबंधात लिहिलं. पण त्या निबंधाचं पहिलं वाक्य तुमच्यावर आहे: ‘माझे काका पाणबुडीचे कप्तान होते.’ त्याखाली ‘वरील मजकूर सत्य आहे’ असं छापलेलं होतं, आणि त्याखाली माझी सही आहे.

निवडीच्या आधी नौदल उमेदवारांना पाणबुडी दाखवायला नेतं. आम्हाला तुमच्या घराजवळच्या खाडीपलीकडच्या नाविक तळावर नेणार आहेत. या सहलीला ते लोक ‘व्हीआयपी भेट’ म्हणतात. का म्हणतात ते त्यांनाच ठाऊक, सगळ्याच उमेदवारांना म्हणतात. पण पत्र आलं तेव्हा आई पोस्टाच्या खिडकीशीच उभी होती. तिनं ते तिथंच मोठ्यानं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की नौदलानं मार्टाला अतिमहत्त्वाची व्यक्ती ठरवलं आहे, त्यांचं काहीतरी अडलेलं दिसतंय. चर्चच्या पाटीवर एरवी पापपुण्याचं एखादं वचन असतं, तिथं आठवडाभर ‘आमच्या व्हीआयपीला शुभेच्छा’ झळकत होतं. मी फादर अर्बनना समजावलं की असे आम्ही चौदा जण आहोत. ते म्हणाले, “चौदा जणांत तू व्हीआयपी? मग तर आणखीनच अभिमानाची गोष्ट आहे गं.”

बाबांनी तयारी आपल्या पद्धतीनं केली. पाणबुडीत गोल तोंडातून शिडीनं उतरावं लागतं, एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी कुठूनसा आकडा काढून जाड पाइपाचं सव्वादोन फुटी कडं कापलं, ते धान्याच्या कोठीच्या शिडीवर जोडलं आणि मला रोज सकाळी त्यातून दहादा वरखाली करायला लावलं. (आईनं भेटीसाठी उंच टाचांचे बूट आणि घट्ट स्कर्ट आणला होता. दुसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं परत करून आली.) मग येणारेजाणारेही हात आजमावू लागले. रविवारी प्रार्थनेनंतर फादर अर्बन शिरले ते छातीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. बाबांनी खालून ढकललं, मी वरून ओढलं. शेवटी आईनं पाव किलो लोणी आणलं. फादर सुटल्यावर म्हणाले, “सुईच्या भोकातून उंट जाईल का, यावर इतकी प्रवचनं दिली, पण उंटाची बाजू आज कळली.”

मुलाखतीची तयारी मात्र कठीण गेली. माझ्या भरतीचं बघणाऱ्या लेफ्टनंट व्हिटकम नावाच्या बाई आहेत, कमी बोलतात. त्यांनी फोनवर सांगितलं, “फळ्यापुढं उभं करून विचारत सुटतील. कधीतरी तुला येणार नाही. तेव्हा ‘माहीत नाही’ म्हण आणि गप्प बस. न येणाऱ्याला आम्ही शिकवतो. येतंय असं दाखवणाऱ्याला घरी पाठवतो.” काका, आपल्या घराण्यात हे दोन शब्द कोणी कधी उच्चारल्याचं तुमच्या ऐकण्यात आहे का? आजोबा तर अनोळखी गावात रस्ता विचारणाऱ्यालाही रस्ता सांगायचे. म्हणून आम्ही स्वयंपाकघरात सराव सुरू केला. बाबांनी विचारलं, “भट्टी तापून फुटत का नाही?” मी येत होतं तेवढं सांगितलं आणि पुढचं माहीत नाही म्हणाले. बाबांना ते सहन झालं नाही. त्यांनीच वीस मिनिटं उत्तर दिलं, त्यातला एक शब्द खरा नव्हता. आई मला म्हणाली, “माहीत नसलं तरी इतक्या पडेल आवाजात कशाला सांगायचं?”

मग आजी परीक्षक झाली. आजोबांचा बोलिंगच्या संघाचा कोट अंगात घालून टेबलाशी बसली आणि तिनं एकच प्रश्न विचारला: “पाण्याखाली रविवार आहे हे कसं कळतं?” मी कॅलेंडर म्हणाले, घड्याळ म्हणाले, शेवटी माहीत नाही म्हणाले. आजी म्हणाली, “नापास. दालचिनीच्या रोलचा वास आला की रविवार. लॅडीनं सांगितलंय मला.” सगळे हसले. मीही हसले, पण तो वास माझ्या डोक्यातून जाईना.

त्यानंतरच्या शनिवारी चर्चच्या सभागृहात मला निरोपाचं जेवण होतं. नेहमीसारखी राजमा-खिम्याची मसालेदार चिली आणि तिच्यासोबत तुमचे दालचिनी रोल. तुम्ही कधीकाळी पाठवलेलं ते पाककृतीचं कार्ड आई दरवेळी काढते आणि सगळ्याला दहानं भागते (भागाकारात चूक झाली की आमच्याकडे विटा होतात). कारण कार्डाच्या कोपऱ्यात छापलेलं आहे, ‘शंभर जणांसाठी’. बाबा म्हणायचे, कप्तानाला सगळ्याचा हिशेब ठेवावा लागतो, रोलचासुद्धा. या वेळी शंभर माणसं येणार होती, म्हणून आईनं पहिल्यांदाच काही भागलं नाही. काका, बरोबर शंभर रोल झाले. एक कमी नाही, एक जास्त नाही, सगळे एका उंचीचे. मी कार्ड उलटून बघितलं. मागं तुमच्या अक्षरात बारीक टिपणं होती: ओव्हनचा डावा कोपरा जास्त तापतो, ट्रे अर्ध्या वेळानं फिरवा, खोल पाण्यात असताना पीठ फुगायला वीस मिनिटं जास्त द्या. वरून हुकूम सोडणाऱ्या माणसाला ओव्हनचा डावा कोपरा माहीत नसतो.

मी आजीच्या पेटीतली तुमची सगळी पत्रं वाचली. तुम्ही कप्तान आहात असं त्यांत एकदाही लिहिलेलं नाही. नाही असंही एकदाही लिहिलेलं नाही. पहिल्या पत्रात मात्र आहे की ‘इथल्या खलाशांनी मला पिठाचा कप्तान केलंय’. आजोबांनी ते पत्र गुत्त्यात वाचून दाखवलं होतं म्हणतात. मला वाटतं, ‘पिठाचा’ वाचताना नेमका त्यांना खोकला आला असावा.

गेल्या सोमवारी लेफ्टनंट बाईंनी विचारलं, “तुझ्या काकांची पाणबुडी कोणती, वर्षं कोणती? निबंधातली माहिती पुढं जाण्याआधी मी पडताळून बघते.” मी सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मग म्हणाले, माहीत नाही, विचारून सांगते. त्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे.

आईनं खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, वेगळे पाठवले आहेत. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
मार्टा

ता. क. तर ती गोष्ट ही. तुम्ही तिथं कोण होतात? उत्तर एका शब्दात चालेल. ते मी बाईंशिवाय कोणालाही सांगणार नाही, आपल्या गावात तर मुळीच नाही. इथं तुम्ही कप्तानच राहाल.

ता. क. २. माझा अंदाज बरोबर असेल तर नवं पहिलं वाक्य लिहून ठेवलं आहे: ‘माझे काका पाण्याखाली शंभर माणसांना जेवू घालत आणि त्यांचा एक रोलही कधी कमी पडत नसे.’ जुन्यापेक्षा हेच मला जास्त आवडतं. जुनं चुकीचं होतं हेही मी सांगेन, मग त्यांना मला घरी पाठवायचं असेल तर पाठवू देत. पण तुमची हरकत असली तर तुमचं नावच काढीन. भेटीच्या दिवशी तळाच्या फाटकापाशी याल का? हातात रोलचा डबा असला तर ओळखायला सोपं जाईल.

ता. क. ३. पाकीट आणायला गेले तेवढ्यात आजीनं पत्र वाचलं. तिनं सांगितलेलं तसंच लिहिते: “लॅडीला कळव, तो पहिल्या रजेवर आला तेव्हाच त्याच्या हाताला यीस्टचा वास येत होता. आई आहे मी त्याची.” मी विचारलं, मग इतकी वर्षं सगळ्या गावाला कप्तान का म्हणू दिलंस? आजीनं फ्रीजवरची चौकट बोटानं सरळ केली. मग म्हणाली, “माहीत नाही.”

तीन आठवडे सराव मी केला, काका, आणि पास आजी झाली.