सरोजच्या नावे जामबागच्या दोन खोल्या

मी मालनबाई, वडिलांचे नाव नामदेवराव, वय बेचाळीस, धंदा नाटकात काम करणे, राहणार जामबाग, हैदराबाद दक्खन, पूर्ण शुद्धीवर असून आणि कुणाच्याही दबावाखाली नसून हे मृत्युपत्र करते. माझी प्रकृती ठीक आहे, शहराची नाही. रस्त्यावर रझाकारांची कवायत चालते, गाड्यांचा भरवसा राहिलेला नाही, निम्मी गल्ली सोलापूर-बार्शीकडे निघून गेली. वकीलही गेले. मला अक्षर येत नाही, म्हणून लिहिते आहे ती माझ्याजवळ राहणारी सोळा वर्षांची सरोज. खरे तर हे तिच्याकडून लिहवून घेण्यासारखे नव्हते.

१. जामबागेतल्या दोन खोल्या मी स्वकमाईने घेतल्या. माझा भाऊ नरहर याचा त्यांवर हक्क नाही. माझ्यामागे त्या सरोजच्या. नरहर सरकारी दफ्तरात कारकून होता, गेल्या महिन्यात बिऱ्हाडासह सोलापुरास गेला. जाताना म्हणाला, खोल्या विकून टाक आणि पोरीला माझ्याबरोबर दे, तिच्यासाठी तिथे एक बिजवर पाहून ठेवला आहे. मी पोरीला दिले नाही. तेव्हापासून दारावर थाप पडली की आधी सरोजला आतल्या खोलीत धाडते. रझाकार असेल की नरहरने धाडलेला माणूस, दोहोंची भीती सारखीच.

२. बाजाची पेटी एकनाथरावांना. ते आमच्या कंपनीचे प्रॉम्प्टर. मी भाकरी थापायची, ते चुलीपाशी बसून माझी भाषणे म्हणायचे आणि ती माझी पाठ व्हायची. समोरच्याचे वाक्य कानावर पडल्याशिवाय मात्र माझे तोंड उघडत नाही. ती खोड अजून आहे. म्हणून सरोजने प्रत्येक कलम मला वाचून दाखवायचे, मग मी पुढचे सांगायचे, असे चालले आहे.

३. कंपनीचे मालक उमाजीराव यांना काही नाही. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी मला नायिकेवरून काढून नायिकेच्या आईच्या कामाला बसवले आणि माझ्या जागी आपली मेहुणी आणली. ती बेसूर होती. सरोज विचारते, "आत्या, हे पण लिहायचं?" हौ, हेही लिही.

४. शालू विकावेत आणि सरोजने मॅट्रिक व्हावे. माझी आई चतुराबाई जात्यावर गाई, तेही वडिलांना ओसरीवर ऐकू आलेले खपत नसे. मी पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले. बाविसाव्या वर्षी नाटकात गेले, तेव्हा वडिलांनी माझ्या नावाने आंघोळ केली. पण मी तिकीट काढून आलेल्यांसमोरच गायले. जहागीरदाराच्या देवडीवरून, म्हणजे वाड्यावरून, खासगी बैठकीसाठी दोनदा टांगा आला, दोनदा रिकामा परत गेला. एवढी गोष्ट मान वर करून सांगता येते. दुसरी तशी सांगता येत नाही, आणि तीच आता सांगणे भाग आहे.

५. हे कलम मी सकाळपासून टाळते आहे. सरोजने दोनदा विचारले, पुढे काय; मी उठून पाणी पिऊन आले. शाळेच्या दाखल्यात तिच्या बापाच्या जागी नरहरचे नाव आहे. तो दाखला खरा धरला तर तिचा पालक तोच, मग तो खोल्याही विकील आणि पोरीलाही उजवून मोकळा होईल. म्हणून शपथेवर सांगते की तो दाखला खोटा आहे आणि तो मी करवला.

सरोज, थांबू नको, लिहीत राहा. तू माझ्या पोटची. तुझे वडील अप्पाराव, आमच्याच कंपनीतले नट. विधवेच्या लग्नाला भटजी मिळेना, म्हणून आम्ही देवापुढे एकमेकांना हार घातले. तू पोटात असतानाच ते बीडच्या मुक्कामी तापाने गेले. तू सव्वा वर्षाची झालीस आणि कंपनी वऱ्हाडात निघाली. मी तुला नरहरच्या बायकोच्या ओटीत ठेवले. आठ महिन्यांनी परतले तर तू तिच्या पदराआड लपलीस आणि तिने शिकवल्याप्रमाणे मला आत्या म्हणालीस. मी तेव्हाच बोलायला हवे होते. नाटकवालीच्या मुलीला आपल्या मुलींशेजारी कोण बसू देईल, या भीतीने गप्प बसले. पुढे तू शाळेसाठी माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा दाखल्यावरही आत्या म्हणूनच अंगठा दिला. माझ्या रडण्याला लोकांनी वन्समोअर दिले आहेत. घरात तू हाक मारलीस की रडायचीही चोरी होती.

नाटकवालीची मुलगी हे नाव आता तुला लागेल, लग्नात आडवे येईल, हे मला कळते. पण डोक्यावर छप्पर नसलेल्या मुलीला चांगले नाव किती दिवस पुरणार? तू मला काय म्हणशील, याची मला रझाकारांहून जास्त धास्ती वाटते.

६. सरोज सज्ञान होईपर्यंत पालक सुशीलाबाई सुईण. तिचा जन्म त्यांच्या हातावर झाला. एवढे मी पाचवे ऐकल्यावाचूनच सांगितले, कारण सरोज ते वाचून दाखवत नाही. मग मी पुढचे कसे सांगू? हेही लिही.

मालनबाई, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: एकनाथराव, प्रॉम्प्टर, सुशीलाबाई, सुईण, राहणार जामबाग. दोघांसमक्ष अंगठा केला.

मुक्काम हैदराबाद, शुक्रवार, भाद्रपद शुद्ध सप्तमी, शके १८७०, तारीख १० सप्टेंबर १९४८.

लिहिणार: सरोज अप्पाराव. आईने सांगितले तसे लिहिले आणि पाचव्यासह सर्व कलमे तिला वाचून दाखवली. टपाल सुरळीत झाले की याची एक प्रत सोलापुरास नरहरमामांना मीच पाठवीन.