भरिताच्या पंगतीत मिळालेली गिऱ्हाइकं

नाना, काल जळगावात व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात मला बोलायला उभं केलं. विषय होता, अशा मेळाव्यांतून धंदा कसा वाढवावा. मी तुमचीच विद्या सांगितली. टाळ्या मला पडल्या.

बासष्ट-त्रेसष्टचा हिवाळा असेल. माझ्या छापखान्यातलं यंत्र बहुतेक दिवस झाकलेलंच. संक्रांतीपर्यंत कामं मिळाली नाहीत तर ते विकून धरणगावला तुमच्या सरकीच्या दुकानात बसायचं, असं आपल्यात ठरलेलं. म्हणून तुम्ही मला व्यापाऱ्यांच्या भरीत पार्टीला नेता. मळ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजताहेत. मी इस्त्रीचं धोतर सावरत थेट जिनिंगवाल्या शेटजींच्या शेजारची जागा पटकावतो आणि ‘आमचं मुद्रणालय’ सुरू करतो. शेटजी विचारतात, “मुद्रा? म्हणजे सराफी का, पंडितजी?” मी त्यांना शब्दाची व्युत्पत्ती सांगतो. ते वांग्यांकडे बघत ऐकतात. व्याकरण निर्दोष होतं, एवढं तरी तुम्ही मान्य करायला हवं होतं.

तुम्ही मागून वाकून कानात म्हणता, “शेटना जोडे बसना, बाकीना बठ्ठा काय भुतं शेतस का? ऊठ, भांडं ले आनि वाढ. छापखान्यानं नाव काढू नको. ज्याले त्याले इचार, काय अडस.”

मी उठतो. वाढप्याला एक सोय असते, नाना: पंगतीतला प्रत्येक जण त्याच्याकडे मान वर करून बघतो. पहूरचे तेलवाले कुरकुरत होते की त्यांचे डबे गळतात. मी त्यांना पलीकडच्या, पत्र्याचे डबे बनवणाऱ्याजवळ नेऊन बसवलं. त्यात माझा काडीचा फायदा नव्हता. साक्रीच्या किराणावाल्याला पुड्यांवर दुकानाचं नाव हवं होतं, पण थोडं काम कुणी घेत नव्हतं. “मी घेतो,” म्हटलं. पुढच्या आठवड्यात तेलवालेही आले, लेबलं छापायला. यंत्रावरचं फडकं निघालं ते निघालंच.

तुम्ही मात्र शेवटपर्यंत गावभर सांगत राहिलात, “पोऱ्यानं जन्मात एकदा माझं ऐकलं.” सांगताना इतके खूश दिसायचात की मी गप्प बसायचो. खरं सांगू? मांडी घालून माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि शेटजींच्या तोंडासमोर पाय पसरणं शिष्टाचारात बसत नव्हतं. उठायला निमित्त हवं होतं, तुम्ही भांडं दिलंत. हे पत्र पोचायची सोय नाही, म्हणूनच लिहिलं.